परसातला नेम आणि छरे अडवणारा डबा

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवरून अलीकडे एक प्रश्न आमच्याकडे वारंवार येतोय. विचारणाऱ्या बहुतेक आयाच आहेत. लेकीला नेमबाजी शिकायची आहे. शाळेत, एनसीसीत बंदूक हाताळली, गोडी लागली. घरच्यांनी हौसेने छऱ्यांची बंदूक, म्हणजे एअर रायफल घेऊन दिली. आता सराव करायचा कुठे? बालेवाडीची रेंज शिरूरहूनही लांब आणि दौंडहूनही लांब. जाण्यायेण्यात दिवस मोडतो, शिवाय कुणीतरी सोबत जावं लागतं. मग घराच्या मागे, परसात सराव केला तर चालेल का? आणि त्याला लागणारं लक्ष्य, ज्याला मुली टार्गेट म्हणतात, ते घरी करता येईल का?

करता येतं, आणि खर्चही फारसा येत नाही. पण लक्ष्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काळा गोल काढलेला कागद येतो. तो कागद म्हणजे लक्ष्याचा निम्मा भाग. छरा कुठे लागला एवढंच तो सांगतो. कागदातून पार झालेला छरा थांबवणारं जे मागे असतं, तो दुसरा भाग. तोच आधी करायचा असतो आणि बहुतेक घरांत तोच राहून जातो. म्हणून आज आम्ही उलटीकडून सुरुवात करतो.

छऱ्यांची बंदूक आपल्याला तशी अनोळखी नाही. जत्रेत फुग्यांच्या फळीसमोर आपण सगळ्याजणी कधी ना कधी उभ्या राहिलोय. त्यामुळे मनात एक समजूत बसते की हे खेळणं आहे. त्यात जत्रेतल्या बंदुका वापरून वापरून ढिल्या झालेल्या असतात. घरी आणलेली नवी बंदूक तशी नसते. दहा मीटरच्या स्पर्धेतल्या रायफलीचा छरा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने सुटतो, आणि बाजारातल्या काही बंदुकांचा त्याहूनही जोरात. छरा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा, पण कशाला अडला नाही तर २०० मीटरच्या पुढेही जाऊ शकतो. जवळून लागला तर कातडीत शिरतो. डोळ्याला लागला तर डोळा जातो, त्यावर दुसरं बोलणं नाही.

आता आपल्या भागातली गोष्ट. वस्तीवरचं घर म्हटलं की मागे गोठा, त्याच्या पलीकडे ऊस. ऊस पुरुषभर उंच वाढलेला, दाट, हिरव्यागार भिंतीसारखा. मग पोरं म्हणतात, "उसाकडे तोंड करून मारू, तिकडे कोण असतंय?" मैत्रिणींनो, उसात नेहमीच कुणीतरी असतं. दारं धरायला गेलेला माणूस असतो. बांधावर गवत कापणारी बाई असते. तोडीच्या हंगामात तर टोळ्या असतात, त्यांच्या कोप्या शेताच्या कडेला पडलेल्या असतात आणि आई कोयता चालवत असताना बाळ सरीत झोपवलेलं असतं. उसाची पानं छरा अडवत नाहीत. पानाला लागून तो थोडा वळतो, एवढंच, आणि कुठे वळेल हे कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळे ऊस, मका, कडवळ, कुंपणाची झाडी यांपैकी कशालाच आडोसा समजायचं नाही.

खरा आडोसा मातीचा. विहिरीच्या किंवा शेततळ्याच्या खोदाईतून निघालेल्या मातीचा ढीग, उंच ताल, नाहीतर जाड पांढऱ्या मातीची जुनी भिंत, असं काही मागे हवं, आणि ते डोक्यापेक्षा उंच हवं. मातीत दगडगोटे असतील तर समोरची बाजू चाळलेल्या मातीने लिंपून घ्यायची. सिमेंटची भिंत, फरशी, लोखंडी पिंप, पाण्याची टाकी यांच्यावर आपटलेला छरा परत आपल्याच दिशेला येऊ शकतो. गाडीचे जुने टायर बरेच जण लावतात, पण रबरही छरा उलट फेकतं. आणि काचेची बाटली हे तर सगळ्यांत वाईट लक्ष्य. बाटली फुटल्याचा आनंद एक क्षणाचा, काचा मात्र वर्षभर शेळीच्या आणि पोरांच्या पायात.

मातीच्या आडोशापुढे ठेवायचा तो डबा. १५ किलोचा तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा प्रत्येक घरात नाहीतर जवळच्या हॉटेलात मिळतोच. साधारण २३ सेंटिमीटर चौरस आणि ३४-३५ सेंटिमीटर उंच. त्याची एक बाजू पूर्ण कापून घ्यायची आणि कड हातोडीने आत वळवायची, म्हणजे हात कापणार नाही. डबा आडवा ठेवला की उघडं तोंड नेम धरणाऱ्या मुलीकडे येतं आणि आत हातभराच्या जवळपास खोली मिळते. तळाशी, म्हणजे आता जी मागची बाजू झाली तिथे, ३ मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा मापाने कापून बसवायचा. गावातला वेल्डिंगवाला हे काम बसल्या बसल्या करून देतो. डब्याच्या स्वतःच्या पत्र्यावर विसंबायचं नाही, तो फार पातळ असतो.

मग भरायच्या चिंध्या. गोधडीच्या पोटात घालण्याच्याही लायकीच्या न उरलेल्या साड्या, धोतरं, पोरांचे विटलेले शाळेचे गणवेश, सगळं इथे चालतं. फक्त बटणं, चेन आणि हुक काढून टाकायचे. चिंध्या नुसत्या कोंबायच्या नाहीत. घट्ट घड्या घालून, थरावर थर देत, मुठीने दाबून बसवायच्या. सैल भरलं की छरा दोन घड्यांच्या मधून वाट काढून पत्र्यापर्यंत पोचतो. चिंध्यांऐवजी जुनी वर्तमानपत्रं सुतळीने करकचून बांधून घातली तरी चालतात, पण कागद भिजला की त्याचा लगदा होतो. कापड आम्हाला जास्त पसंत आहे.

डबा अजून पुरेसा आहे की नाही हे ओळखायची सोपी खूण आहे. चिंध्यांच्या मागे, पत्र्याच्या पुढे वहीचा एक कोरा पुठ्ठा सरकवून ठेवायचा. दर आठवड्याला तो काढून बघायचा. त्यावर वळ किंवा भोक दिसलं तर चिंध्यांना मध्यभागी खळगा पडलाय असं समजायचं. सगळं बाहेर काढून, बाहेरचं कापड आत आणि आतलं बाहेर करून पुन्हा भरायचं. हे काम ज्या मुलीचा सराव तिनेच करायचं. आईने नाही.

ज्यांना थोडा जास्त खर्च जमतो त्यांनी वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी सापळा करून घ्यावा. पेटीच्या आत जाड पत्रा तिरपा बसवायचा, त्याची वरची कड नेम धरणाऱ्याकडे झुकलेली आणि खालची कड मागे. छरा आपटला की खाली वळतो आणि तळाच्या वाळूच्या तबकात पडतो. पत्रा उभा सरळ ठेवला किंवा उलटा तिरपा केला तर छरा समोर नाहीतर वर उडेल, म्हणून ही गोष्ट कारागिराला चित्र काढून दाखवायची. तोंडी सांगितलेलं उलटं होतं, हे आपण खिडकीच्या गजांपासून चुलीच्या जाळीपर्यंत बघत आलोय.

डबा कितीही चांगला केला तरी शिकाऊ हाताचा छरा त्या २३ सेंटिमीटरच्या तोंडाबाहेर जाणारच. म्हणून डब्याच्या मागे एक जाड, दुहेरी वाकळ दोरीवर मोकळी टांगायची. ताणून बांधायची नाही. मोकळी वाकळ छऱ्याचा जोर खाते, ताणलेली त्याला पुढे जाऊ देते. आणि वाकळीच्या मागे तो मातीचा ढीग. इतकं झालं की मग कागदाकडे वळू.

दहा मीटरच्या एअर रायफलचं स्पर्धेतलं लक्ष्य आपल्या कल्पनेपेक्षा फार लहान असतं. अख्खा पुठ्ठा ८० मिलिमीटर चौरस, म्हणजे तळहाताएवढा. मधला काळा गोल ३०.५ मिलिमीटर व्यासाचा. बाहेरचं १ गुणाचं वर्तुळ ४५.५ मिलिमीटरचं. तिथून आत येताना प्रत्येक वर्तुळ ५ मिलिमीटरने लहान होत जातं, ९ गुणांचं ५.५ मिलिमीटरचं, आणि १० गुणांसाठी उरतो अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, सुईने टोचल्याएवढा. छरा स्वतः ४.५ मिलिमीटरचा. त्यामुळे ठिपक्याला छरा नुसता शिवला तरी १० गुण मिळतात. आज महिलांच्या स्पर्धेत असे ६० नेम धरावे लागतात. २०१८ च्या आधी ४० होते, मग पुरुषांइतकेच झाले.

शाळेची कंपासपेटी काढा. काळ्या गोलासाठी कर्कटक सव्वापंधरा मिलिमीटर उघडायचं. तेवढं बारीक जमत नसेल तर पाण्याच्या बाटलीचं झाकण घ्या. पुष्कळ बाटल्यांची झाकणं ३० मिलिमीटरच्या आसपास भरतात, पट्टीने मोजून बघा. दहा रुपयांचं नाणंही चालतं. ते २७ मिलिमीटरचं असतं, म्हणजे गोल थोडा लहान पडतो. मग अंतरही त्याच हिशेबाने कमी करायचं. १० मीटरऐवजी ९ मीटरला थोडं कमी ठेवलं की डोळ्याला तो गोल खऱ्या लक्ष्याएवढाच दिसतो. हा त्रैराशिकाचा हिशेब आहे, मुलींना करायला लावा. ज्यांच्या परसात ५ मीटरच जागा आहे त्यांनी काळा गोल १५ मिलिमीटरचा करायचा. फक्त एवढं ध्यानात ठेवा, गोल लहान झाला तरी छरा तेवढाच राहतो, म्हणून ५ मीटरवर मिळालेले गुण १० मीटरच्या गुणांशी ताडून बघण्यात अर्थ नाही.

कागद कोणता? वर्तमानपत्र फाटतं, वहीचं पान फाटतं, आणि फाटलेल्या भोकावरून छरा कुठून गेला ते कळत नाही. जाडसर कागदाला स्वच्छ गोल भोक पडतं. आणि जाडसर कागदाची आपल्या घरात काय वाण? लग्नसराई संपली की पत्रिकांचा गठ्ठा खुंटीला लटकत असतो. त्यांची मागची कोरी बाजू वापरा. गणपतीचं चित्र आणि नावं छापलेला भाग मात्र आधी कापून वेगळा ठेवा, कुणाच्या नावावर नेम धरायचा नाही. चकचकीत पत्रिका नको, उन्हात चमकते आणि डोळा दिपतो. काळा रंगही चमकणारा नको. काळा घोटीव कागद टाळून साधा काळा कागद गोल कापून कणकेच्या खळीने चिकटवला की झालं. खळ फार दाट केली तर कागद फुगतो, आणि मुंग्या लागतात ते वेगळंच.

एका पत्रिकेवर चार-पाच गोल बसतात. एका गोलावर पाचच छरे मारायचे, मग पुढचा गोल. एकाच कागदावर पन्नास छरे मारले की नुसती चाळणी होते, तिच्यातून शिकायला काही मिळत नाही. पाच भोकं झाली की त्यांच्यावर दहा रुपयांचं नाणं ठेवून बघा. पाचही झाकली जातात का? सुरुवातीला जाणार नाहीत. पुढे एक दिवस जातील, मग शर्टाचं बटण ठेवून बघा.

पाच भोकं एका झुबक्यात आहेत, पण काळ्या गोलापासून दूर पडलीत, तर मुलीचा हात स्थिर आहे असं समजा. बंदुकीची मागची माशी सरकवायची आहे, एवढंच. छरे जिकडे जायला हवेत त्याच दिशेला मागची माशी सरकवायची. भोकं चहूकडे विखुरली असतील तर माशीला हात लावू नका. तिथे श्वास, उभं राहणं नाहीतर घोडा झटक्याने ओढणं, यांत काहीतरी चुकतंय. प्रत्येक कागदावर तारीख टाकून वहीत चिकटवत जा. दोन महिन्यांनी वही उलगडली की शिकवणाऱ्यालाही एका नजरेत कळतं.

डबा ठेवायची उंची जमिनीपासून गोलाच्या मध्यापर्यंत १.४ मीटर, म्हणजे उभ्या बाईच्या हनुवटीच्या आसपास. दहा मीटर अंतर पावलांनी मोजू नका, दोरी मोजून गाठ मारून ठेवा. शक्यतो मुलीचं तोंड उत्तरेला येईल असं बघा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ ऊन डोळ्यांत येत नाही.

आता घरातले नियम. दोघीजणी असल्याशिवाय सराव नाही, एक नेम धरणारी, एक राखण करणारी. राखणीचं काम मोठ्या माणसाचं. फाटकाला कडी, त्यावर लाल फडकं. कुत्रं बांधलेलं, कोंबड्या डालल्या असतील तर उत्तमच. बंदूक लक्ष्याच्या बाजूलाच तोंड करून राहील, भरलेली असो की रिकामी. कागद बदलायला कुणी पुढे गेलं की बंदूक खाली, हातात नाही. दोघींच्याही डोळ्यांवर चष्मा, वेल्डिंगच्या दुकानात मिळणारा पारदर्शक चालतो. सराव झाला की बंदूक कुलपात आणि छरे दुसऱ्या कुलपात.

छरे शिशाचे असतात, हे दुकानदार सहसा सांगत नाही. शिसं पोटात गेलं तर लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं आणि गरोदर बाईच्या अंगातून बाळापर्यंत पोचतं. म्हणून छरे ओठांत धरायची सवय कुणी लावून घेऊ नये. सराव झाला की साबणाने हात धुवायचे, त्याच हाताने भाकरी थापायला बसायचं नाही. चिंध्या बदलताना ओल्या फडक्याने डबा पुसायचा, झाडायचा नाही. जमिनीवर पडलेले छरे वेचायचे, कारण कोंबडी खडा समजून छरा टिपते आणि तो तिच्या पोटात राहतो. वेचलेले छरे झाकणाच्या बरणीत साठवून भंगारवाल्याला द्यायचे. भीमेच्या काठी जाळ्याला लावायला कुणी ते मागेल. देऊ नका, आणि घरच्या चुलीवर शिसं कधीही वितळवू नका.

कायद्याचंही थोडं सांगतो. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. त्याहून मोठी किंवा जोरकस असेल तर लागतो. बिल जपून ठेवा, त्यावर हे आकडे आहेत का ते बघून घ्या, आणि शेजाऱ्यांच्या व पोलीस पाटलांच्या कानावर घालून ठेवा. पाखरांवर नेम धरणं मात्र कुठल्याही बंदुकीने गुन्हाच. आपल्या शिरूर तालुक्यात मोराची चिंचोली आहे, तिथल्या पोरांना हे सांगावं लागत नाही. पण पोपट-साळुंक्यांनाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. आपल्या आज्या जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर बसून गोफण फिरवायच्या, पण त्यांचा दगड पाखरांना उडवण्यासाठी असायचा, मारण्यासाठी नाही. आणि बिबट्याच्या भीतीने कुणी ही बंदूक उशाशी घेऊन झोपत असेल तर ती काढून ठेवा. छऱ्याने बिबट्या मरत नाही, पळेलच असंही नाही. चिडतो मात्र नक्की.

एक गोष्ट मुली आम्हाला हमखास विचारतात. छरे संपले, पैसे नाहीत, तर रिकाम्या बंदुकीने सराव करू का? रिकामी बंदूक खांद्याला लावून गोलावर नेम स्थिर धरण्याचा सराव जरूर करा, मोठे नेमबाजही तो तासन्‌तास करतात. पण नळी मोडून भरायच्या स्प्रिंगच्या बंदुकीचा घोडा छऱ्याशिवाय ओढू नका. पुढे अडवायला छरा नसला की आतला दट्ट्या जोरात आपटतो आणि बंदूक लवकर खराब होते. महागड्या स्पर्धेच्या रायफलींत त्याची वेगळी सोय असते, आपल्या बंदुकीत नसते. आणि रिकामी बंदूक असली तरी तोंड त्या डब्याकडेच.

अंजली भागवत २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या, सुमा शिरूर २००४ मध्ये अथेन्सला. आडनावामुळे त्या आपल्याला उगाच शेजारच्या वाटतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेत्या झाल्या. २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक जिंकणाऱ्या स्वप्नील कुसाळेच्या गुरू दीपाली देशपांडे, त्या स्वतःही अथेन्सला खेळल्या होत्या. ही नावं मुलींना ठाऊक असतात. परसातल्या सरावाने कुणी थेट तिथवर पोचत नाही, त्यासाठी रेंज आणि शिकवणारा माणूस लागतोच. पण महिन्यातून एकदा बालेवाडीला जाणारी मुलगी मधले दिवस रिकामी बसली तर दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करते. मधल्या दिवसांसाठी हा डबा.

ज्यांनी आधीच परसात सराव सुरू केलाय त्यांनी आज संध्याकाळी एक काम करा. मुलगी जिथे उभी राहते तिथे तुम्ही उभ्या राहा आणि तिच्या लक्ष्याच्या मागे सरळ रेषेत चालत जा, दोनशे पावलं. वाटेत काय काय लागतं ते बघा. गोठा, पायवाट, शेजारणीचं धुणं, कोपी. यातलं काहीही लागलं तर उद्याच्या सरावाआधी डबा फिरवायचा.